चुंबकाला न चिकटलेलं लोखंड

आश्रुबाने विहिरीवरची जळकी मोटर दुसऱ्यांदा आणून दुकानाच्या पायरीवर टेकवली आणि चारचौघांत म्हणाला, "योग्या, मोटर भरतो का होळी रचतो बे?" बसलेली माणसं हसली. योगीराजही हसला, पण हसताना त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. मागच्या खोलीच्या दारात लेकीला खांद्यावर थोपटत उभ्या असलेल्या शिवांजलीने नवऱ्याचे ते हात पाहिले.

तेलगावच्या रस्त्यावर पुढे जळक्या मोटरींत तांब्याच्या तारेचे नवे वेढे भरायचं दुकान, मागे घर. योगीराजने भरलेली मोटर पाच-सहा वर्षं बघावी लागत नाही, असं लोक म्हणायचे. या उन्हाळ्यात मात्र एकेक परत येत होती. त्याने वेढे पुन्हा मोजले, वार्निश बदललं, काही फरक पडला नाही. दुपारी ताटावर बसून तो शांतपणे म्हणाला, पोळ्यानंतर दुकानाला कुलूप लावतो, चाकणला कंपनीत लागतो. हातातच राम राहिला नाही. सासूबाई नीलाबाई पदराआड दृष्ट लागल्याचं पुटपुटत राहिल्या.

 लेकीच्या खोकल्याने शिवांजलीची झोप उडाली होती, आणि त्यात तारेचा विचार ठाण मांडून बसला होता. दिवाळीपासून दुकानात तांब्याची तार येत होती ती तिच्या धाकट्या भावाची, मन्मथची. बीडला शेडमध्ये तो भंगारातलं तांबं वितळवून तार ओढायचा. पहिलं रीळ आणलं तेव्हा त्याने सगळ्यांसमोर चुंबक लावून दाखवलं होतं. चिकटला नाही. बघा दाजी, लोखंडाचा कण न्हाई. योगीराजने मान डोलावली, आणि एमएस्सी फिजिक्स झालेल्या तिनेही. माहेरचा माल, कोण शंका घेणार?

जेवून नवरा आणि सासूबाई आडवे झाले तसं तिने जुन्या व्यापाऱ्याच्या रिळातली थोडी तार आणि मन्मथची तार वरचा लेप निघेपर्यंत ब्लेडने खरवडली. सारख्या लांबीचे तुकडे वीज मोजायच्या मीटरला लावले. भावाच्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त. पण तार किंचित बारीक असेल, तरी तसंच दिसणार. म्हणून तिने दोन्हींची टोकं एकत्र पिळली, गाठ तापल्या तव्यावर टेकवली, मोकळी टोकं मीटरला जोडली. आकडा हलला. आधी जुन्याच तारेच्या दोन तुकड्यांची गाठ मारून पाहिली होती, तेव्हा शून्यच होतं. तिने जोड उलटे केले, तर आकड्याआधी वजा आला; म्हणजे आकडा खरा होता.

लेक रडायला लागली. तिला कडेवर घेऊन ती बराच वेळ तव्याकडे बघत उभी राहिली. गॅस बंद करून तारा फेकून दिल्या असत्या, तर माहेर शाबूत राहिलं असतं. तिने नवऱ्याला उठवलं.

योगीराज मीटरकडे बघत म्हणाला, "तार बारीक आसंल."

"जाडीनं हे बदलत न्हाई. दोन्ही तारा एकाच तांब्याच्या आसत्या तर कितीबी तापवा, शून्यच आलं आसतं. हे तांबं येगळं हाय."

"चुंबक तर चिकटत न्हाई."

तिने मग बसून सांगितलं. चुंबकाला ढेकूळ लागतं. वितळताना लोखंड तांब्यात चहातल्या साखरेसारखं विरघळून गेलं, एकेक अणू सुटा. पण सुटा असला तरी त्यातला प्रत्येक इवलासा चुंबकच, वाहत्या विजेला अडवतो, ठेच लावतो. शंभरातल्या एका भागाचा दहावा हिस्सा लोखंड गेलं तरी तार जास्त तापते. आणि तापवल्यावर अशी तार शुद्ध तांब्याहून वेगळाच विजेचा दाब दाखवते, तोच तव्यावर दिसला.

 योगीराज स्वतःचे हात मांडीवर ठेवून बघत म्हणाला, "म्हंजी माझे वेढे बरोबर होते."

"होते."

"मन्मथला म्हाईत होतं का?"

तिला ठाऊक नव्हतं. तिने त्याच्यासमोरच फोन लावला. मन्मथ आधी चिडला. दाजींचा हात बिघडला आन् नाव माझं का, अक्का, असं तणतणला. तिने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, भट्टीतलं तांबं ढवळता कशाने?

"सळईनं. दुसरं काय?"

"लोखंडी?"

पलीकडे भट्टीचा पंखा घोंगावत राहिला.

"दरवेळी थोडी झिजती," तो हळूच म्हणाला. "आमी समजलो, जळून जाती." मग आवाज पार उतरला. "अक्का, ही तार फक्त दाजींनाच न्हाई दिली. नेकनूरच्या, माजलगावच्या मोटर भरणाऱ्यांनाबी... त्यांच्याबी मोटरी जळत आसतील. अन् ते आपल्याच हाताला बोल लावत आसतील."

एवढ्या लांबचा विचार तिच्या डोक्यात आला नव्हता. तिने योगीराजकडे पाहिलं. त्याने फोन हातात घेतला.

"मन्मथ, उद्या सकाळी ये," तो म्हणाला. "मीटर अन् तवा घिऊन दोघं जाऊ. माझ्या तोंडून ऐकतील ते."

लेक पुन्हा खोकली. शिवांजली भिंतीला टेकून बसली, आणि कित्येक दिवसांनी तिचे डोळे बसल्याजागी मिटले.