कीर्तनाखाली उमटलेली अक्षरं

या बालमित्रांनो, असे पुढे सरकून बसा. दाराशी उभे आहात त्यांनीही आत या, जागा पुष्कळ आहे. आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा मन भरलेलं असेल, हा माझा शब्द.

मी एक जुना धोटा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिलं नसेल. यंत्रमागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. त्यांच्या मधून आडवा धागा घेऊन जो या टोकाकडून त्या टोकाकडे धावत सुटतो, तो मी. अंग कठीण लाकडाचं, आकार होडीचा, दोन्ही टोकांना लोखंडी चोच आणि पोटात सुताची कांडी. ज्या कारागिरानं मला घडवलं त्याचं नाव मला ठाऊक नाही. पण त्यानं मला घासून घासून असं गुळगुळीत केलं होतं, की सुताचा एक तंतूही माझ्या अंगाला अडू नये. त्याचे हात आजही माझ्या पाठीवर आहेत असं मी मानतो.

भिवंडीजवळच्या वळ गावात केसरीनाथांचा चार लूमचा कारखाना होता. मालक तेच, कारागीर तेच. पहाटे माझ्या चोचीवरून तेलाचं बोट फिरवत आणि लूम सुरू करण्याआधी देवाचं नाव घेत. मग मी जो सुटे तो दुपारच्या जेवणापर्यंत! मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या. कोरं कापड तागेच्या तागे उतरे. व्यापारी हात फिरवून म्हणत, "केसरीशेट, कपडा एक नंबर." केसरीनाथ माझ्याकडे बोट दाखवत. "त्याला सांगा. मी नुसता उभा असतो."

कौतुक कोणाला आवडत नाही? मलाही आवडे. पण मित्रांनो, खरं ते सांगायलाच हवं. मी प्रत्येक फेरीला दोन्ही बाजूंच्या पेटीत जाऊन आदळत असे. असे चार धोटे, एका पत्र्याच्या छपराखाली, बारा बारा तास. त्या गोंगाटात माणसं तोंडानं बोलतच नसत. ओठ हलवायचे, बोटं दाखवायची, एवढ्यावर सगळा कारभार चाले. चोवीस वर्षांत मी मैलोगणती कापड विणलं आणि त्याच चोवीस वर्षांत, थोडं थोडं करून, केसरीनाथांचे कान नेले. कोणी मला दोष दिला नाही. केसरीनाथांनी तर नाहीच.

पुढे जमीन गोदामाला गेली, लूम भंगारात गेले. केसरीनाथांनी मला तेवढं पिशवीत घालून घरी आणलं. काही वर्षं मी कपाटावर धूळ खात पडलो. मग त्यांची मुलगी उन्नती शिकून घरी आली, समोरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून लोकांच्या वेबसाइट बनवू लागली, आणि पंख्यानं कागद उडतात म्हणून तिनं मला टेबलावर ठेवलं. धावणं संपलं, बसणं आलं. पण बसल्या जागेवरून दिसतं फार.

गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह होतो. दत्तूबुवा हे गावचेच कीर्तनकार. काय तो गळा! शेवटच्या रांगेतलं पोरसुद्धा चुळबुळ करत नसे म्हणे. सहा वर्षांपूर्वी बुवा गेले. त्यांच्या अठरा कीर्तनांचे व्हिडिओ तेवढे राहिले होते. सप्ताह समितीनं ठरवलं, बुवांची वेबसाइट करायची, आणि काम उन्नतीला दिलं.

तिनं ती मन लावून सजवली. केशरी रंगावर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात फिरणारी फुलं, बुवांचे फोटो. एके दुपारी तिनं वडिलांना खुर्चीत बसवलं, बुवांचं कीर्तन लावलं आणि चहा टाकायला आत गेली. केसरीनाथ पडद्याकडे बघत मान डोलावू लागले. मांडीवर बोटांनी ठेकाही धरला.

उन्नती कप घेऊन बाहेर आली. "आवाज कसा येतोय बाबा?"

"एकदम खणखणीत!"

ती समाधानानं वळली आणि जागच्या जागी थांबली. स्पीकरचा प्लग भिंतीत लावलेलाच नव्हता. खोलीत पंख्याच्या घरघरीशिवाय कसलाही आवाज नव्हता.

उन्नतीला वाटे, बाबांना थोडं कमी ऐकू येतं. समोरासमोर बोललं की ते ओठ वाचत आणि नीट उत्तर देत. त्यामुळे तिला पत्ताच लागला नव्हता. उन्नतीनं कप खाली ठेवला, त्यांच्या पुढ्यात बसली आणि विचारलं, "बाबा, कधीपासून?"

केसरीनाथ म्हणाले, "लूम होते तवापासनं. घरात चालतंय गं. पण बुवांच्या तोंडापुढं माईक, त्यात त्यांच्या मिशा. काय वाचणार?"

"मग इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून..."

"मान हालवायचो. लोक हसले की हसायचो." त्यांनी मला उचललं आणि उगाच या हातातून त्या हातात केलं. "एक गोष्ट मात्र मनातनं जात न्हाय. बुवांचं शेवटचं कीर्तन. तू तवा शिकायला बाहेर होतीस. मधीच थांबले, माझ्याकडं बोट केलं, काहीतरी बोलले. आख्खा मांडव हसला. मग बायका डोळे पुसायला लागल्या. मी आपली मान हालवली. काय बोलले असतील गं? माझं काय चुकलं आसल?"

"त्यात काय, मी आत्ता लावते, ऐकते आणि सांगते."

"न्हाय!" केसरीनाथ एकदम म्हणाले. "तू सांगायची, न्हाय तर कोणाला विचारायची, म्हणजे मी तिथं असून ऐकलं न्हाय हे गावभर होणार. मला कोणाची दया नको. त्यांचं बोलणं मला त्यांच्याकडनंच पाहिजे होतं."

मित्रांनो, त्या मुलीच्या डोक्यात तेव्हा जे आलं, त्याला मी सद्बुद्धी म्हणतो. ती म्हणाली, "एकाच कीर्तनाच्या व्हिडिओखाली बुवांच्या बोलण्याची अक्षरं टाकली तर लोक विचारतील कोणासाठी. अठराच्या अठराखाली टाकली तर कोण विचारणार? तुम्ही बुवांकडूनच घ्या, सगळ्यांबरोबर."

कामाला लागली. पडघ्याला तिची ओळखीची काशीताई राहते. तिला दिसत नाही. तिचा फोन पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवतो. उन्नतीनं तिला वेबसाइट तपासायला दिली. काशीताईचा तासाभरात फोन आला.

"काय गं, तुझ्या वेबसाइटवर बुवा राहतात का नुसती बटणंच? फोन म्हणतोय बटण, बटण, बटण. कुठलं बटण कशाचं, देवाला ठाऊक. आणि फोटो आला की म्हणतो, फोटो सात. सातव्या फोटोत काय, बुवा का म्हैस?"

उन्नती हसून हसून बेजार झाली आणि वहीत लिहीत गेली. प्रत्येक बटणाला नाव दिलं. प्रत्येक फोटोमागे दोन ओळी लिहिल्या, "दत्तूबुवा वीणा घेऊन उभे, मागे टाळकरी" अशा. माउस न धरता नुसत्या कीबोर्डनं सगळीकडे जाता येईल असं केलं. फिरणारी फुलं काढली. पिवळी अक्षरं जाऊन पांढऱ्यावर काळी आली. शेजारच्या आजोबांनी चष्म्याशिवाय पहिली ओळ वाचली, तेव्हा मला वाटलं, माझं कोरं कापड पुन्हा मागावरून उतरतंय.

समितीचे रघूकाका मात्र एके सकाळी फणफणत आले. "पोरी, कीर्तनाखाली अक्षरं पळवतेस म्हणे! सिनेमा हाय का तो? कीर्तन कानानं प्यायचं असतं."

"काका, बटण ठेवलंय. नको असतील त्यांनी अक्षरं बंद करावीत."

"आन ज्याला ऐकूच येत न्हाय, त्याला कीर्तन कशाला पाहिजे?"

उन्नती शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही लूमवर किती वर्षं काढली?"

"सत्तावीस! का?"

"परवा नाक्यावर मी मागून तीन हाका मारल्या. तुम्ही वळला नाहीत."

रघूकाकांनी मिशीवरून हात फिरवला. "मी... मी इचारात होतो." एवढं बोलून ते आले तसे गेले. अक्षरांचं नाव पुन्हा काढलं नाही.

मशीनकडून लिहून घ्यावं तर बुवांची बोली त्याला झेपेना. मग उन्नती एक एक वाक्य ऐकून स्वतः टाइप करत बसली. शेवटच्या कीर्तनाच्या वेळी कानाला हेडफोन लावून टाइप करता करता तिचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली, डोळे भरलेले, ओठांवर हसू. कोणाला काही बोलली नाही. डोळे पुसले आणि पुढचं वाक्य लिहिलं.

वेबसाइट गावासाठी खुली करण्याआधी समिती ती पाहायला आमच्या घरी आली. रघूकाका आणि आणखी चौघे. केसरीनाथ पुढच्या खुर्चीत. "बुवांचं शेवटचंच लाव," रघूकाका म्हणाले. उन्नतीनं एकदा वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, आणि ही मान खरी होती.

पडद्यावर बुवा गात होते, खाली अक्षरं येत होती. मग बुवा थांबले आणि त्यांनी बोट केलं. खाली ओळी उमटल्या:

"श्रवणभक्ती, श्रवणभक्ती म्हणून मी इथं घसा फोडतोय. पण हा पुढं बसलेला केसरीनाथ बघा. याला माझं एक अक्षर ऐकू येत न्हाय. तीन वर्षं झाली, मी बघतोय. मी इनोद केला की हा सगळ्यांच्या मागनं हसतो."

अक्षरं बोलण्याच्या अर्धा क्षण आधी उमटतात, मित्रांनो. त्या खोलीत सर्वांत आधी हसले ते केसरीनाथ. मोठ्यांदा, खुर्ची हलेपर्यंत. बाकीचे त्यांच्या मागून.

बुवा पुढे म्हणत होते, "हसताय काय? मी जरा रटाळ झालो की तुम्ही उठून चहाला जाता. याला काहीच मिळत न्हाय, तरी हा जागा सोडत न्हाय. याला मी कसली भक्ती शिकवू? चूक माझी हाय. मी तीन वर्षं हितनं बघितलं आन याच्यासाठी काहीच केलं न्हाय. उद्या सकाळी कोणीतरी याला हे लिहून द्या रं बाबांनो. माझं अक्षर वंगाळ हाय."

व्हिडिओ पुढे चालू राहिला. खोलीत मात्र कोणी कोणाकडे बघेना. शेवटी रघूकाका केसरीनाथांच्या समोर येऊन उभे राहिले, ओठ नीट दिसतील असे, आणि म्हणाले, "मला वाटलं धनेशनं दिलं आसल लिहून."

समितीतलेच धनेशभाऊ म्हणाले, "मला वाटलं तुम्ही."

"म्हणजे गावाला ठाव होतं?" केसरीनाथांनी विचारलं.

"आख्ख्या गावाला."

"आन मी सहा वर्षं समजतोय, बुवानं भर मांडवात मला शिवी घातली!"

मग जो हशा पिकला, त्यात डोळे पुसणारे किती होते ते मी मोजलं नाही. हशा ओसरल्यावर केसरीनाथ उन्नतीला म्हणाले, "पहिलं कीर्तन लाव. आता सतरा राहिलीत."

मित्रांनो, ती वेबसाइट आज गाव बघतं, पडघ्याला काशीताई ऐकते आणि लूमवर आयुष्य काढलेली पुष्कळ माणसं गुपचूप वाचतात. उद्या तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी बनवाल, लोकांपुढे मांडाल. तेव्हा ते कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचा हात तिथपर्यंत पोहोचत नाही, हे आधी पाहा. दुसरा कोणी करेल असं म्हणून उठू नका. मी लाकडाचा तुकडा आहे, मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.

आणि एक विनंती. दत्तूबुवांना मी पडद्याबाहेर कधी पाहिलं नाही. पण भरल्या मांडवात गाता गाता थांबून, आपला आवाज एका माणसापर्यंत पोहोचत नाही आणि चूक आपली आहे, असं म्हणणारा तो माणूस होता. त्याची आठवण ठेवा.