उडालं. पाहिलं नाही.

बाबांना जाऊन एकतीस दिवस झाले, त्या दिवशी मी लेन्सचा तक्ता करायला घेतला. मी दिवस मोजत बसले होते असं नाही. त्यांच्या वहीत रोजची तारीख पडायची आणि ती वही पुढे चालवायचं मी ठरवलं होतं, त्यामुळे आकडा आपोआप कळत होता.

बाबा सर्व्हेअर होते. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्यांनी समोरच्या पाण्याच्या टाकीवरचं घारीचं घरटं धरलं. आमची बाल्कनी चौथ्या मजल्यावर. समोर बंद पडलेली उंच टाकी आणि तिच्या कठड्याच्या कोपऱ्यात काटक्या, चिंध्या, एक निळी प्लास्टिकची पट्टी असा सगळा पसारा. वहीत तारीख, वेळ, वारा आणि काय दिसलं ते. अशी पाच वर्षं. अंडी किती, पिल्लं किती, नराने काय आणून टाकलं, सगळं होतं. पिल्लू पहिल्यांदा उडतं तो क्षण मात्र त्यांना एकदाही सापडला नाही. दर वर्षी त्या दिवसाची नोंद एकच: 'उडालं. पाहिलं नाही.' पुढे कंसात कारण. एका वर्षी आंघोळ. एका वर्षी बँक. एका वर्षी 'लेकीचा फोन'. काय करताय, असं विचारायला मी तो फोन केला होता.

यंदाची त्यांची शेवटची नोंद जाण्याच्या दोन दिवस आधीची होती: 'पिल्लू. एकच. पांढुरकं.' ते पिल्लू आता पंख झटकायला लागलं होतं. यंदा तो क्षण चुकवायचा नाही आणि त्याचा स्वच्छ फोटो वहीत चिकटवायचा, एवढं एकच मला करायचं होतं. बाकी काही करण्यासारखं उरलंही नव्हतं.

अडचण लेन्सची होती. बाबांचा कॅमेरा होता, त्याला लांबलचक झूम लेन्सही होती, पण गेल्या दोन वर्षांतले त्यांचे सगळे फोटो धूसर. मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या मजकुरात काय चुकलंय ते शोधायचे मला पैसे मिळतात. त्यामुळे इथेही दोषी कोण ते मी ताबडतोब ठरवलं: लेन्स. शिवाय ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक किलो नऊशे ग्रॅम भरली, आणि माझे हात लाल पेन्सिल उचलण्यापुरतेच कमावलेले आहेत. तेव्हा नवी लेन्स हवी. रेखीव फोटो देणारी आणि हलकी.

रेखीव होत्या त्या जड होत्या. हलक्या होत्या त्या मऊ होत्या. अस्पष्ट फोटो देणाऱ्या लेन्सला जाणकार 'मऊ' म्हणतात हे मला नुकतंच कळलं होतं आणि मी तो शब्द लहानपणापासून वापरत असल्यासारखी वापरत होते. तक्त्यात चौदा लेन्स आणि नऊ रकाने झाले. अनोळखी माणसं इंटरनेटवर एकमेकांशी हमरीतुमरीवर येऊन काय भांडतात तेही सगळं वाचलं. फोटोच्या कोपऱ्यांत कोणती लेन्स किती स्पष्ट असते, यावर मी सलग चार दिवस घालवले. पिल्लू कोपऱ्यात येणार नव्हतं. ते मधोमध असणार होतं.

मग वजनाचा प्रश्न. आकड्यांवरून अंदाज येईना, म्हणून पुस्तकं घेतली. आठशे ग्रॅम म्हणजे एक जाडशी कादंबरी. दीड किलो म्हणजे शब्दकोशाचा एक खंड. तो खांद्याच्या पिशवीत टाकून मी घरभर फेऱ्या मारत होते, तेव्हा आई वाटाणे सोलता सोलता थांबली.

"हे काय चाललंय?"

"वजनाचा अंदाज घेतेय. लेन्स बरोबर न्यायला सोपी हवी ना."

"कुठे न्यायचीये?"

"बाल्कनीत."

आईने बाल्कनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अकरा पावलं आहेत," ती म्हणाली. "वाटेत कुठे मुक्काम करणार आहेस का?"

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

"नाही बोलत बाई. ते पिल्लू सकाळपासून कठड्यापर्यंत येतंय आणि मागे जातंय, एवढंच सांगायचं होतं. तुझे रकाने होऊ देत."

आईला घारीत कधीच रस नव्हता. 'तुम्ही बघताय हे त्या घारीला तरी माहीत आहे का?' असं ती बाबांना विचारायची.

त्रेचाळिसाव्या दिवशी चौदातल्या दोन उरल्या. दुपारी चारच्या सुमाराला मी तक्त्याची घडी आणि बाबांची लेन्स घेऊन दुकानात गेले. जुनी देऊन नवी घ्यायचा बेत होता. दुकानदाराला बाबा 'भिंगवाले' म्हणायचे. हा मनुष्य काउंटर, कॅल्क्युलेटर, स्वतःचा चष्मा, सगळं शर्टाच्या टोकाने पुसतो. लेन्सला मात्र वेगळं पांढरं फडकं काढतो.

"हिला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मऊ आहे," मी जाणकारपणे म्हणाले.

"कोण म्हणतं?"

मी तक्त्याची घडी उलगडली. त्यांनी ती पूर्ण वाचली, कुठेही हसले नाहीत, आणि बाबांची लेन्स दुकानातल्या कॅमेऱ्याला लावून ट्रायपॉडवर चढवली. रस्त्यापलीकडे दवाखान्याची पाटी होती. पडद्यावर पाटीच्या खिळ्याचा गंज दिसला. रंगाच्या ब्रशचे केस कुठे फाकले तेही दिसलं. पाटीवर शुद्धलेखनाची एक चूक होती, तीसुद्धा कधी नव्हे इतकी स्पष्ट दिसली.

"लेन्स खणखणीत आहे," भिंगवाले म्हणाले. "फोटो आणलेत?"

मी बाबांचं मेमरी कार्ड दिलं. ते एकेक फोटो मोठा करून बघत गेले.

"हे बघा. लेन्स मऊ असली की सगळं सारखंच मऊ येतं. हे तसं नाही. हे ओढलं गेलंय, म्हणजे कॅमेरा हललाय. वर-खाली. हाही. हाही तसाच." मग मागे मागे जात ते जुन्या फोटोंपाशी थांबले. "हे पहिल्या वर्षांचे. किती छान आहेत. म्हणजे इथपासून सुरू झालं. हात..." ते तिथेच थांबले आणि काउंटर पुसायला लागले. "तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं.

दोन वर्षं बाबा चहा अर्धा कपच मागत होते. 'भरू नकोस, अर्धाच दे.' मला वाटायचं तब्येत सांभाळतायत. मी त्यांचं कौतुक केलं होतं. एवढंच नाही, जास्त चहाच्या दुष्परिणामांवरचा एक लेख त्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला होता. मग 'चांगला आहे' असंही म्हणाले होते.

आणि ट्रायपॉड. तो घरात होता, त्याला आईच्या बाजाराच्या पिशव्या अडकवलेल्या असायच्या. तो का लावत नाही, असं मी एकदा विचारलं तर बाबा म्हणाले, "नोकरीभर तिपाई वाहिली, आता नाही." तेही मी आल्यागेल्याला कौतुकाने सांगत असे. दुसऱ्याच्या लेखातला निसटलेला अनुस्वार मला हातभर अंतरावरून दिसतो.

"मग यातली कुठली काढू?" भिंगवाल्यांनी तक्त्याकडे बोट दाखवून विचारलं.

"कुठलीच नको," मी म्हणाले. "हीच परत नेते."

त्यांनी ती पांढऱ्या फडक्याने पुसून दिली.

एक किलो नऊशे ग्रॅम घेऊन मी चार मजले जवळजवळ पळत चढले. बरोबर न्यायला ती अजिबात सोपी नाही, एवढं मी आता खात्रीने सांगू शकते. आई बाल्कनीत होती, बाबांच्या खुर्चीत. मांडीवर वही होती.

"उडालं," आई म्हणाली.

मी दारातच उभी राहिले. समोर घरटं होतं, निळी पट्टी होती.

"कधी?"

"चार वाजून वीस मिनिटांनी. घड्याळ बघितलं मी. नाहीतर तू विचारलं असतंस."

"वारा कुठून होता?"

"वाऱ्याचं मला काय कळतं? दोरीवरचे कपडे असे येत होते." तिने टाकीकडून घराच्या दिशेने हात केला.

"कसं उडालं?"

"कठड्यावर आलं. खाली बघितलं. मागे गेलं. परत आलं. त्याची आई दिव्याच्या खांबावर बसून नुसती ओरडत होती. मग ते पडलंच गं! मी खुर्चीतून उठलेच. आणि पडता पडता उडालं."

"आणि मग?"

"मग काय? टाळ्या वाजवल्या मी. खालच्या मजल्यावरची वर बघायला लागली."

मी लेन्स जमिनीवर ठेवली आणि आईच्या शेजारी बसले. विचारलं, "बाबांचा हात थरथरायचा, तुला माहीत होतं?"

"शर्टाची बटणं दोन वर्षं कोण लावत होतं मग?"

"मला का नाही सांगितलंत?"

आई टाकीकडे बघत म्हणाली, "तेच नको म्हणाले. म्हणाले, तिला सांगू नकोस, ती वाचत बसेल."

त्यांच्या आयुष्यभराच्या मोजणीत इतकं बिनचूक माप क्वचितच निघालं असेल.

आईने वही माझ्याकडे सरकवली. तिच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात तारीख होती, वेळ होती. वाऱ्याची जागा रिकामी होती. खाली: 'उडालं. पाहिलं.' आणि बाबांच्या नोंदीत असायचा म्हणून कंसही होता. त्यात लिहिलं होतं: 'लेक लेन्स आणायला गेली होती.'

मी पेन घेतलं आणि रिकाम्या जागी लिहिलं: 'वारा टाकीकडून घराकडे. (कपड्यांवरून.)'