कूलरपुढची लेन्स

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. लांबचं जवळ आणणारी, तीनशे मिलिमीटरची. माझं रबर झिजलंय, नाव पुसलंय, पण काच शाबूत आहे. कुणी ‘सेकंडहँड’ म्हटलं की मला राग येतो. अहो, अनुभवी म्हणा की!

जन्मले परदेशातल्या कारखान्यात, पण वाढले भुसावळला, अय्युबभाईंच्या स्टुडिओत. दहा वर्षं मी लग्नं पाहिली. मांडवाच्या टोकाला गुपचूप डोळे पुसणारी नवरीची आई मलाच आधी दिसायची. मग नवी लेन्स आली आणि मी कपाटात गेले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

एके दिवशी अमळनेरहून दिपमालाताई आल्या. त्या शाळेत शिकवतात. त्यांच्या वडिलांची, तोताराम आबांची, नजर अधू झालेली. आता सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. टीव्हीला अगदी खेटून बसलं, तर मोठं चित्र तेवढं दिसायचं. आबांना पाखरांचं वेड, आणि मोबाइलवर काढलेलं पाखरू मोठं केलं की नुसता ठिपका.

“नवा कॅमेरा घेऊ का, अय्युबभाई?”

“तेवढ्या पैशांत त्याच्यासोबत छोटी लेन्स येईल, ताई. पाखरू लांबच राहील. कॅमेरा जुना घ्या, लेन्स लांबची घ्या.”

मी मनातून किती सुखावले म्हणून सांगू!

अमळनेरला घरी नेल्यावर ताईंनी माझे फार लाड केले. एप्रिलच्या उन्हात अख्खा खानदेश भाजून निघत होता. लेन्सलाही उकडत असेल, असं वाटून त्यांनी मला कूलरपुढच्या टेबलावर ठेवलं आणि स्वतः उत्तरपत्रिकांत बुडाल्या. दीड-दोन महिने मी ती ओली हवा खाल्ली. माझ्या पोटात बुरशी धरली.

मेअखेरीस अंगणातल्या तारेवर शिंजीर पक्ष्याच्या लोंबत्या घरट्यात दोन पिल्लं ओरडू लागली. आबा कान देऊन विचारायचे, “इतला बारीक आवाज कोना शे?” ताईंनी घाईने फोटो काढला, तर सगळं धुरकट. पिल्लं दोन दिवसांत उडणार होती. ताईंना रडूच आलं. मिळेल त्या गाडीने त्या मला भुसावळला घेऊन गेल्या.

“ताई, कूलर माणसाला. हिला कोरडं ठेवा,” अय्युबभाई म्हणाले. त्यांनी मला खोलून एकेक काच पुसली. कडेला एक डाग राहिला, तो राहणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं घरट्यातच होती. आई पिल्लांना भरवायला आली, तेव्हा ताईंनी दाराआडून फोटो काढला आणि टीव्हीवर लावला. आबा पडद्याला नाक लावून बसले. मग चोचीवर बोट ठेवून म्हणाले, “दखास, बेटा. माय घास दी ऱ्हायनी.”

संध्याकाळी घरटं रिकामं झालं.

आता मी कोरड्या डब्यात राहते. नव्या बुटांच्या खोक्यातली ती ओल शोषणारी छोटी पुडी माझ्या शेजारी असते. ती फेकू नका, मित्रांनो, आणि महिन्यातून एकदा तरी आम्हाला उजेडात धरून बघा. आबांच्या डोळ्यांतलं धुकं कुणालाच पुसता आलं नाही. माझ्यातलं पुसता आलं, म्हणून त्यांना पिल्लं दिसली.