घोलपांचा आवाज

सोमवारी आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांचा आवाज एक झाला. तो कुणाचाच नव्हता. सपाट, स्वच्छ, थोडा नम्र. आम्ही प्रेशर कुकरच्या तक्रारी फोनवर ऐकून घेतो, त्यामुळे दुपारपर्यंत फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. जेवायला डबे उघडले तेव्हा लोणचं कुणी मागितलं आणि कुणी दिलं, ते कळेना.

माझा आवाज मात्र माझाच राहिला.

भागवत साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"शेवडे, घरी गेल्यावर तुम्ही काय करता?" त्यांनी त्याच आवाजात विचारलं.

"मातीच्या शिट्ट्या करते. पक्ष्यांच्या आकाराच्या."

"विकता?"

"नाही."

"मग कशासाठी?"

मी विचार केला. "हवेला वाट कुठून द्यायची ते आधी कळत नाही. बोटं शोधत राहतात. तेवढ्यात डोक्यातलंही काहीतरी सुटतं."

"ग्राहक गोंधळतात," साहेब म्हणाले. "आवाज जुळवून घ्या."

दुसऱ्या दिवशी माझं टेबल खिडकीपासून सरकून भिंतीला लागलं होतं. त्यानंतर भिंतच रोज थोडी पुढे येऊ लागली. मी खुर्ची तिरकी करून बसू लागले.

शेजारच्या टेबलावरचे घोलप रोज तोच शर्ट घालून येत होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आई दार उघडत नाही. तिला दिसत नाही ना. आतून म्हणते, माझा यशवंत असा बोलत नाही. मी जिन्यात झोपतो."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणणार? तिचं बरोबर आहे."

ऑफिस सुटल्यावर मी त्यांना घरी आणलं आणि गॅलरीत बसवून मातीचा गोळा हातात दिला. घोलपांनी आयुष्यात मातीला हात लावला नव्हता. त्यांचा पहिला पक्षी वांग्यासारखा झाला. दुसऱ्याला मान नव्हती, पोट होतं.

"हा पोपट का?" मी विचारलं.

"भागवत साहेब," घोलप म्हणाले आणि हसले.

हसू त्यांचं होतं. खरखरीत, शेवटी खोकल्यात जाणारं. मग ते "पाणी द्या" म्हणाले, तर आवाज पुन्हा सपाट.

त्यांनी आणखी एक गोळा घेतला. तो मळताना ते बोलत राहिले. सटाण्याहून एक बाई सारख्या फोन करतात, कुकरची शिट्टी होत नाही म्हणून. आम्ही दोनदा कुकर बदलून दिला. "आत्ता वाटतंय, कुकर चांगलाच असणार," घोलप म्हणाले. "बाई एकट्या असतील. उद्या त्यांना विचारतो, आज काय शिजवलंय." यातला 'शिजवलंय' त्यांच्या आवाजात आला. 'एकट्या'सुद्धा.

"चला," मी म्हटलं.

दिवेलागणीला आम्ही त्यांच्या दारात पोचलो. त्यांच्या हातांवरची माती अजून ओली होती.

"आई, मी आलोय."

दार उघडलं नाही. घोलप पायरीवर बसले. उरलेली माती त्यांनी मुठीत आणली होती, ती मळायला लागले. आईला सटाण्याच्या बाईंबद्दल सांगू लागले, मग भागवत साहेबांच्या पोटाबद्दल. कधी शब्द त्यांचा, कधी ऑफिसचा. मध्येच मातीचा गोळा घरंगळला आणि ते "अगं आई गं" म्हणाले, ते सगळं त्यांचं होतं.

कडी निघाली.

आई दारात उभी होती. लहानशी, पदर खोचलेला. तिनं हात पुढे करून घोलपांचा चेहरा चाचपला. जिथे बोट लागलं तिथे गाल दबला आणि खळगा तसाच राहिला. घोलप हलले नाहीत.

"कुणी केलंय हे असं?" ती म्हणाली. "नाक असं नव्हतं."

ती आत गेली, तांब्या घेऊन आली. बोटं बुडवली आणि त्यांचं नाक दोन्ही बाजूंनी हळूहळू वर ओढू लागली. घोलपांनी डोळे मिटले. हनुवटीवरून गढूळ पाणी ठिबकत होतं.

"येते मी," म्हणत मी निघायला वळले.

"थांब," आई म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "याचं होऊ दे. मग तुझं बघते."