पुढच्या चाकांचं ब्रेक ऑइल

शेजारच्या खणातल्या टकल्या मिस्त्रीने अर्धी भरलेली बाटली कचऱ्याच्या पिंपात फेकली, ती जणू थोरलीच्या काळजावरच पडली.

थोरली म्हणजे चार जावांतली मोठी. जावा आपापल्या घरी गेल्या, दीर गेले, नवराही गेला, नाव तेवढं मागे राहिलं. शाळा तिची दुसरीतच सुटली. पण घरच्या गॅरेजच्या कोठीत कुठल्या फळीवर कुठलं बेअरिंग आहे हे ती डोळे मिटून सांगायची, आणि समोरचा माणूस किती पाण्यात आहे हे त्याने तोंड उघडायच्या आत. आज ती लेकाबरोबर गाड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर आली होती. महिन्यातून एक दिवस हा ट्रॅक सगळ्यांना खुला असायचा. कडेला लांबलचक शेड, एकेका गाडीला एकेक खण. त्यांच्या खणातली गाडी दोनच मिनिटांपूर्वी सुनेने बाहेर काढली होती. लेक भिंतीजवळ घड्याळ धरून उभा होता. थोरलीला काही काम नव्हतं, आणि काम नसलं की ती दुसऱ्याचं काम बघते.

"अहो मिस्त्री, काय झालं त्या बाटलीला? चावत होती?"

"ब्रेक ऑइल आहे, आजी. उरलं."

"उरलं म्हणून फेकायचं? तुमच्या घरी आई उरलेलं तेल मोरीत ओतते का?"

टकल्या हसला. स्वभावाने गरीब होता बिचारा. "घरचं तेल वेगळं, आजी. याचं सील फोडलं की हे हवेतलं पाणी प्यायला लागतं. झाकण कितीही आवळा, पितंच. आज फोडलं तर आज वापरा. सहा महिने फळीवर राहिलं की रस्त्यावर एकवेळ चालेल, इथे नाही."

"इथे काय होतं?"

"इथे ब्रेक निखाऱ्यासारखे लाल होतात. ऑइलमधलं पाणी उकळतं, वाफ होते. मग पेडल दाबलं की दाब चाकापर्यंत जातच नाही, पाय थेट गाडीच्या तळाला टेकतो. गाडी आपली चाललीच."

"लगेच?"

"लगेच कुठलं? घरी दाबून बघा, दगडासारखं घट्ट लागेल. हळूबाई चालवत असेल तर दिवसभर काही होणार नाही. जोरात मारणारा असेल तर तीन फेऱ्या, फार तर चार." त्याने हात पुसले आणि डोळे मिचकावले. "का हो, तुम्ही घातलंत की काय कुणाला?"

"मी? माझं काय डोकं फिरलंय?" थोरली म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ती तडक आपल्या खणात परत आली.

सुनेने तीन महिने त्या गाडीमागे घालवले होते. गाडी जुनी, पण इंजिन तगडं. सून म्हणायची, रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर पळते, थांबत मात्र नाही. म्हणून तिने पुढच्या चाकांना ताटाएवढ्या डिस्क बसवल्या, त्या चिमटीत धरणारे जाड कॅलिपर बसवले, रबरी नळ्या काढून पोलादी जाळीच्या घातल्या. चारही शॉकअप बदलले. नवे इतके कडक की बॉनेटवर बसलं तरी गाडी दबायची नाही. "आता ही वळणावर झोपणार नाही, आई," सून म्हणाली होती. "झोपायला तुझा नवरा आहेच," थोरली म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या. अशा दोघी मिळून हसायच्या वेळा वर्षातून चार.

मग ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायचा दिवस आला. लेक आत बसून पेडल दाबणार, सून गाडीखाली पडून एकेका चाकाचा बारका नट सोडणार, आणि वरच्या डबीत ऑइल ओतत राहायचं काम थोरलीचं. "डबी रिकामी होऊ द्यायची नाही, बस्स. बाकी कशाला हात लावू नका," सुनेने बजावलं होतं. ते बजावणं थोरलीला झोंबलं होतं. हिच्या जन्माआधीपासून मी ऑइल ओततेय, आणि ही मला शिकवणार!

मागची दोन चाकं झाली आणि नवी बाटली संपली. दुसरी नवी बाटली सीलबंद, शेजारीच होती. पण कोठीच्या फळीवर गेल्या वर्षीची अर्धी बाटली होती. तीच कंपनी, तेच लेबल, तोच रंग. पुढची दोनच चाकं राहिली, एवढ्याशासाठी नवी कशाला फोडायची? थेंबे थेंबे तळे साचे, हेच ऐकत आणि ऐकवत तिने घर उभं केलेलं. तिने जुनी ओतली. नवी परत कपाटात ठेवली. सुनेला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? उलट वाचवलं म्हणून मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

पुढची दोन चाकं. थांबायची सगळी मदार पुढच्या चाकांवर असते, हे तिला सुनेनेच शिकवलं होतं.

समोरून गाडी गेली. पहिली फेरी सावकाशीची असते, ब्रेक तापवायची. आता दुसरी लागली. इंजिनाचा आवाज चढला आणि लांब वळणाकडे विरला.

"बघ आई, कशी सरळ जाते! डुलत नाही जराही!" लेक ओरडला.

आता बोलावं. लेक दहा पावलांवर होता. त्याला सांगायचं, तो ट्रॅकवरच्या झेंडेवाल्याला सांगेल, गाडी आत येईल. एवढंच तर होतं. पण आत आलेली सून हेल्मेट काढून काय म्हणेल, तेही थोरलीला दिसत होतं. म्हटलं होतं ना, कशाला हात लावू नका. शेजारपाजारच्या खणांतले सगळे ऐकतील. टकल्या ऐकेल. चाळीस वर्षं ज्या बाईने मिस्त्र्यांच्या चुका काढल्या, तिची चूक सून काढणार, तीही चारचौघांत. आणि टकल्या काय देव लागून गेला? कदाचित तो उगाच फुशारकी मारत असेल. कदाचित सून जपून चालवेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही फेरी जाऊ दे. पुढच्या फेरीला बघू.

अशी ती उभी राहिली. हाताची मूठ मिटलेली, तोंडही मिटलेलं. दोन मिनिटं. गाडी पुन्हा समोरून गेली.

"मागच्या खेपेपेक्षा तीन सेकंद कमी!" लेक नाचायलाच लागला. "उशिरा ब्रेक मारतेय ती! शॉकअपवर विश्वास बसला तिचा. वळणाच्या तोंडापर्यंत दामटतेय आणि तिथे कचकन दाबतेय!"

थोरली लेकाजवळ गेली.

"तिला आत बोलाव."

"काय झालं?"

खरं तोंडापर्यंत आलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तशी ती म्हणाली, "चाकाचा नट ढिला दिसला मला. डावीकडचा. हिने नीट आवळला नसणार."

"आवळलाय आई. टॉर्क पान्याने, दोनदा. मी मोजत होतो."

"मला दिसला म्हणते ना!"

"इथून? चष्मा तुझा खुर्चीवर आहे." लेक हसत पुन्हा घड्याळात बघायला लागला. "तिच्या हातचा नट ढिला राहणार नाही, आई. तू उगाच काळजी करतेस."

सुनेच्या माथी मारायला गेली, तर सुनेचं काम इतकं चोख की खोटं त्यावर टिकेना. थोरलीला वाटलं, ही बया जरा कमी चोख असती तर आज वाचली असती. आणि तसं वाटताच तिला स्वतःचीच किळस आली.

तिने लेकाच्या दंडाला धरून हिसडा दिला. "ऐक. पुढच्या चाकांत जुनं ऑइल आहे. फळीवरचं. मी ओतलं. तिला माहीत नाही."

लेकाचं तोंड उघडं राहिलं. त्याला ऑइलचं कळत होतं. तेवढं शिक्षण घरात तिघांपैकी दोघांना होतं.

"गेल्या वर्षीचं?"

"हो."

"आई..."

"आई आई काय करतोस! पळ! नाहीतर मीच जाते!"

तो जागचा हलेना. लहानपणापासून असाच, घाबरला की खांब. त्याच्या भरवशावर राहिली असती तर... थोरली वळली आणि धावली. साठी उलटलेली, गुडघे आधीच रुसलेले, पायात सपाता. झेंडेवाला भिंतीच्या टोकाला उंच कट्ट्यावर उभा होता, हातात वायरलेस. तिथपर्यंत पन्नास पावलं असतील. तिला ती पन्नास कोस वाटली. समोरून गाडी गेली, चौथ्या फेरीला. मागचे लाल दिवे वळणाजवळ लागले, विझले, पुन्हा लागले.

सून पेडल दोनदा मारतेय. थोरली कट्ट्याशी पोचली.

"थांबव! सगळ्या गाड्या थांबव!"

"बाजूला व्हा, आजी. इथे यायचं नसतं."

"लाल झेंडा लाव म्हणते ना! ती निळी गाडी. तिचे ब्रेक जाणार आहेत!"

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते!"

"आजी, ट्रॅकवर बारा गाड्या आहेत. कुणी म्हटलं म्हणून लाल लावता येत नाही. कशावरून जाणार?"

शेडमधले लोक बघायला लागले होते. टकल्यासुद्धा फडकं हातात धरून पुढे आला होता.

"मीच घालवलेत म्हणून!" थोरली ओरडली. इतक्या मोठ्याने ती जन्मात कुणावर ओरडली नव्हती, आणि आज स्वतःवर ओरडली. "माझ्या हाताने सडकं ऑइल ओतलंय मी! सून आहे आत माझी! लाव रे मेल्या, लाव!"

झेंडेवाल्याने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वायरलेस तोंडाला लावला. ट्रॅकच्या कडेचे दिवे एकामागून एक लाल झाले.

मागच्या बाजूचा ट्रॅक उंचवट्याआड होता, तिथलं दिसत नव्हतं. इंजिनांचे आवाज एकेक करून उतरले. एक आवाज उतरला आणि पुन्हा चढला, गिअर खाली पाडल्यावर कोकलतो तसा. एकदा, मग दुसऱ्यांदा. मग खडी उडाल्याचा आवाज, आणि शेवटी एक बोथट दणका. उंचवट्यामागून धूळ वर आली.

मग काहीच नाही.

थोरली कट्ट्याचा कठडा धरून उभी होती. एकेक गाडी हळूहळू आत येत होती. लाल, पांढरी, पिवळी. तिने अकरा मोजल्या. तिने आयुष्यात देवाकडे काही मागितलं नव्हतं, मागणं तिला कमीपणाचं वाटायचं. आता ती मागत होती, भीक मागतात तशी. माझे हात घे. माझी जीभ घे. जीभच घे.

वायरलेस खरखरला. झेंडेवाल्याने कान लावला. "हातपाय हलतायत, आजी. बोलतेय. आणतायत."

ॲम्ब्युलन्स शेडसमोर थांबली, मागचं दार उघडलं. सून आत बसली होती, पांढरीफटक, उजवं मनगट फळीला बांधलेलं. लेक आधीच पोचून तिच्याशेजारी चढला होता. त्याने तिला काही सांगितलं नव्हतं, हे थोरलीला त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं.

"माझंच चुकलं, आई," सून म्हणाली. तिचे दात वाजत होते. "हवा राहिली असणार आत. मीच नीट काढली नाही. पेडल मऊ लागत होतं, तरी मी... लाल दिवा दिसला म्हणून मी आधीच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला होता. नाहीतर त्या वेगात मी... मला येतं असं वाटलं होतं मला. काही येत नाही. आता मी कुणाच्या गाडीला हात लावणार नाही."

लेकाने आईकडे पाहिलं. बोलू नकोस असं त्याचे डोळे म्हणत होते की बोल, हे तिला उमगलं नाही. तिने त्याला विचारलंही नाही.

"हवा राहिली नव्हती," थोरली म्हणाली. "तुझं काम चोख होतं. पुढच्या चाकांना मी फळीवरचं जुनं ऑइल ओतलं. वाचवायला म्हणून. तुला सांगितलं नाही."

थोरलीने तयारी केली. ओरडेल, शिव्या देईल, सगळ्यांसमोर अब्रू काढेल. काढू दे. ओरडणाऱ्या माणसापुढे कसं उभं राहायचं हे तिला येत होतं.

सून ओरडली नाही. "कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"अगं, ते आता कशाला..." लेक म्हणाला.

"तू थांब. आई, जुनं ऑइल चालत नाही, हे कधी कळलं?"

खोटं अगदी हाताशी होतं. आत्ताच, म्हणायचं. कळलं तशी धावले, म्हणायचं. धावताना तर सगळ्यांनीच बघितलं होतं.

"दुसरी फेरी लागली तेव्हा."

"आणि मी थांबले चौथ्या फेरीला."

"हो."

"दोन फेऱ्या," सून म्हणाली. आवाज अगदी साधा, पान्याचं माप विचारावं तसा. "त्या दोन फेऱ्या तुम्ही काय करत होतात?"

थोरलीकडे उत्तर होतं. सव्वा लाखाची मूठ झाकत होते, हे उत्तर. ते तिच्या तोंडून निघेना.

सुनेने शेजारच्या नर्सकडे मान वळवली. "दार लावून घ्या."

दार लागलं. ॲम्ब्युलन्स फाटकाकडे निघाली. थोरली तिच्यामागे चालायला लागली, सपातांखाली खडी करकरत होती. टकल्या आपली गाडी घेऊन शेजारी आला, काच खाली करून म्हणाला, "आजी, बसा, दवाखान्यात सोडतो." ती गाडीत बसली नाही, चालतच राहिली.