शब्दावर विश्वास न ठेवण्याचा खेळ

दर शनिवारी सकाळी निवृत्त गुरुजी सहा मुलांना टेकडीमागच्या माळावर नेत आणि तेथे त्यांना विचार करायला शिकवीत. पाटीपुस्तकाचे तेथे काम नव्हते. सावली ही वस्तू की उजेडाचा अभाव, असल्या प्रश्नांमागे मुले उन्हात धावत. त्या दिवशीचा विषय होता, आपल्याला एखादी गोष्ट ‘कळली’ असे केव्हा म्हणावे?

“आज माझा शब्द प्रमाण नाही,” मुलांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधताना गुरुजींनी बजावले. “समोरचं मोठं झाड ज्यानं त्यानं स्वतः शोधायचं. मी खरं सांगेन, खोटंही सांगेन. पुरावा मिळाल्याशिवाय माझं ऐकलं, तो बाद. मी ज्याला पकडीन, तोही बाद.”

पहिल्याच फेरीत “पट्टी काढ, पायाशी साप आहे!” या एका वाक्यावर सुताराचा मुलगा बाद झाला.

“अरे, गुरुजींचा साप म्हणजे दोरीच असायची!” कोणीतरी खिदळले, आणि मुलांनी माळ डोक्यावर घेतला.

हसली नाही ती फक्त गुरुजींची नात. लेकीची ही नऊ वर्षांची मुलगी घरात शंकासुर म्हणून ओळखली जाई, आणि आजोबांना त्या नावाचा कोण अभिमान! ती गालावरच्या उन्हावरून दिशा ताडीत एकटीच चालली होती. मात्र वाटेत एकदा ठेचकाळून ती वळली होती, हे तिच्या ध्यानी आले नव्हते.

गुरुजींनी मान वर केली तेव्हा ती कुंपणाच्या दोन खांबांमधून पलीकडे गेली होती. तेथल्या तारा तुटून लोंबत होत्या. कुंपण मागच्या शनिवारी धड होते, म्हणून आजही असेल, असे गुरुजी धरून चालले होते. पाहिले मात्र नव्हते. आणि कुंपणापलीकडे दगडाची जुनी खाण होती, तळाशी काळे पाणी साचलेली.

गुरुजी जिवाच्या आकांताने ओरडले,

“थांब! पुढं खाण आहे!”

“कशावरून?” नात चालता चालताच म्हणाली.

“बाळा, खेळ संपला! पट्टी काढ!”

“सापासारखीच ना? मी नाही फसायची! पण आजोबा, आवाज काय छान कापरा केलात हो!”

मागे बाद झालेली मुले टाळ्या पिटू लागली. गुरुजी धावले. पावलांचा आवाज ऐकताच, आजोबा पकडून बाद करणार, या समजुतीने नातीने आपली पावले झपझप उचलली. गुरुजी जागच्या जागी थिजले. ते जितके जवळ जाणार, तितकी ती कड्याकडे ढकलली जाणार होती. कडा तिच्यापासून उणीपुरी पाच पावले उरला होता. आपल्याच हातांनी घडवलेल्या या बुद्धीपुढे त्यांची आज्ञा, वय, माया, काहीच चालणार नव्हते.

पुरावा. तिला पुरावाच हवा होता.

त्यांनी मुठीएवढा दगड उचलला. नेम चुकला, तर तो तिच्याच डोक्यात बसणार होता. तरी त्यांनी तो तिच्या डोक्यावरून पलीकडे फेकला.

“ऐक,” ते कसेबसे म्हणाले.

दगड पडल्याचा आवाज झाला नाही. मग फार खालून, फार उशिरा, पाण्याचा डुबुक् असा आवाज आला.

उचललेले पाऊल नातीने खाली टेकवले नाही. “आजोबा,” ती अगदी बारीक स्वरात म्हणाली, “पुढं जमीन नाहीये.”

“नाही. तो पाय मागं घे. आता खाली बस.”

ती बसली. गुरुजींनी तिला मागून कवटाळून ओढले, आणि कुंपणाच्या आत येईपर्यंत मिठी सैल केली नाही. मुलांच्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या.

घरी पोहोचेतो नातीची भीती ओसरली. “आई, सगळे बाद झाले, मी एकटी नाही झाले!” दारातूनच ती ओरडली.

“माझी शंकासुर ती!” लेक कौतुकाने हसली. “बाबा, आत या ना. असे उंबऱ्यातच का उभे?”

हसून वेळ मारून नेणे सोपे होते. गुरुजींनी दाराची चौकट धरली.

“हसू नकोस,” ते म्हणाले. “आज तुझी मुलगी माझ्या शिकवणीनं मेली असती.”

लेकीने मुलीला जवळ ओढून घेतले आणि बापाकडे असे पाहिले, जसे तिने आजवर कधी पाहिले नव्हते.