तराफ्यावरची सवय

रविवारी सकाळपासून यशवंतने तीन वेळा चप्पल घातली आणि तीन वेळा काढली.

"जातास तरी खय?" वत्सलाने आतून विचारलं. "पंप काय पळान जावचो नाय. बसान तो उंडो खावा बघू."

यशवंत बसला. उंडा पाव चहात बुडवून तसाच धरून राहिला, तो मऊ होऊन कपात गळून पडेपर्यंत. वत्सलाने कपाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि दुसरा कप भरला. हा माणूस विचारलं तर सांगत नाही आणि नाही विचारलं तर अजिबातच सांगत नाही, एवढं तिला तीस वर्षांत कळून चुकलं होतं.

यशवंतने उभं आयुष्य डिचोलीच्या खाणीत पंप बसवले. खड्ड्यातलं पाणी उपसणारे ते पंप तराफ्यावर तरंगत असायचे. पाईप बोटभर आखूड पडला, की चेनब्लॉक अडकवायचा, साखळी खेचायची, बोल्ट आवळायचे. तराफा बिचारा आपणहून जवळ सरकायचा. खाण बंद पडली आणि यशवंत कारखान्यांच्या कामाला लागला. तुयेच्या या सरबताच्या कारखान्यातला पंप मात्र काँक्रीटमध्ये पाय रोवून उभा. तो कुठला सरकतोय!

शनिवारी संध्याकाळी शेवटचा पाईप बोटभर आखूड भरला. वेल्डर गौरेश घरी गेला होता. यशवंतच्या हातांनी जुन्या सवयीने, खुद्द यशवंतलाही न विचारता, चेनब्लॉक लावला. बोल्ट आवळून झाल्यावर त्याने पंपाचा दांडा फिरवून पाहिला. सकाळी दोन बोटांनी गरगर फिरणारा दांडा आता अख्खी मूठ मागत होता. ओढून बसवलेला पाईप पंपाला आपल्याकडे खेचत होता. असाच चालवला, तर महिन्याच्या आत बेअरिंग जळणार.

तेवढ्यात अश्विनी आली. पेडण्याची पोर, इंजिनिअर होऊन दीड वर्ष झालेलं, एकटीच्या जबाबदारीवरची पहिलीच जोडणी.

"काका, पाईप मोकळा बसला ना? ओढून नाही ना लावला?"

"मोकळो, बाय."

तिने कागदावर तसं लिहिलं आणि खाली सही केली. खरं तर दांड्याला मापाचा डायल लावून पुन्हा तपासायचं असतं. पण काका म्हणाले, मग आणखी काय तपासायचं?

सोमवारी नऊला पंप सुरू व्हायचा होता. यशवंत साडेसातलाच हजर. पंपाला एक फेरी, दुसरी फेरी, पाना उचलला, पाना ठेवला.

"काका, पंपाची दृष्ट काढतात काय?" गौरेश हसला. "मिरच्या हाडू?"

"तुझ्या तोंडात घाल," यशवंत म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

नऊला मालक दत्तप्रसादबाब नारळ घेऊन आले. वयाने मोठा यशवंतच. देवाला गाऱ्हाणं त्यानेच घालायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. नारळ हातात घेऊन तो पंपासमोर उभा राहिला. बाजूला अश्विनी, नवी कोरी ओढणी घेऊन.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या नव्या यंत्रात पाणी सोडतंव..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पोरीच्या हाताक यश दी..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्याकडसून नकळत काय..."

यशवंत थांबला. सगळे 'व्हय' म्हणायला तोंड उघडून उभे. 'नकळत' हा शब्द त्याने आजवर शंभर पंपांपुढे उच्चारला असेल. आज तो पुढे सरकेना.

त्याने नारळ काँक्रीटवर ठेवला. "गौरेश, पानो दी."

"काका?" अश्विनी पुढे आली.

"मागे रव, बाय."

एकेक बोल्ट सैल झाला. शेवटचा सुटला मात्र, खाडकन आवाज करून पाईप पंपापासून बोटभर मागे गेला. फटीतून पलीकडची भिंत दिसू लागली.

"मी ओढलंय तो," यशवंत म्हणाला. "शनिवारी. आणि तुका खोटा सांगितलंय."

अश्विनी वाकली. तिने फटीत बोट घालून पाहिलं, मग खिशातून तो कागद काढला आणि स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली. ती रेघ यशवंतला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त झोंबली.

"बाब, पंप सुरू व्हायला आज चार वाजतील," ती मालकांना म्हणाली.

"चार तर चार," दत्तप्रसादबाब म्हणाले. "नारळ काय नासत नाही."

गौरेशने पाईप कापला, मधे बोटभर तुकडा जोडला. वेल्डिंग निवलं. या खेपेला बोल्ट नुसत्या हाताने भोकांत शिरले. अश्विनीने काकांना काही विचारलं नाही. डायल लावला, आकडे पाहिले, वाकून स्वतः दांडा फिरवला. दोन बोटांनी.

विचारलं नाही, हे यशवंतला लागलं. बरंही वाटलं.

चार वाजता तिने नारळ उचलून त्याच्या हातात दिला. "अर्धं राहिलंय, काका."

त्याने घसा खाकरला. "कळान चुकला, ता आमी निस्तारलंव म्हाराजा. नकळत चुकला असात, ता तू बघ."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज अश्विनीचा होता.